खंड्याची औषधवही: प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५, रात्री

आमच्या कुत्र्याला, खंड्याला, टिक फीव्हर (गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप) निघाला. दोन दिवस जेवत नव्हता, जिना चढताना मध्येच बसत होता. आज दवाखान्यात ताप १०४.२ भरला, हिरड्या फिकट दिसल्या, रक्तात प्लेटलेट ४८ हजार. कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख असतात. एर्लिकिया या तापाच्या जंतूची पट्टीवरची चाचणी पॉझिटिव्ह आली. आम्ही रोज टेकडीवर जातो, पावसाळ्यात गवत वाढलेलं आहे आणि खालच्या पार्किंगमधल्या भिंतीच्या भेगांतही गोचिड्या सापडल्या. तपकिरी गोचीड घराच्या आसपासच मुक्काम करते, त्यामुळे टेकडीलाच दोष देऊन चालणार नाही.

औषधं: डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) १०० मिलिग्रॅम, १-०-१, जेवणासोबत, पूर्ण २८ दिवस. पॅन्टोप्रॅझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) सकाळी उपाशीपोटी एक, पुढचे काही दिवस. वजन १८.६ किलो. डॉक्टर मॅडमनी हिशोब समजावला: या आजारात डॉक्सी दिवसाला किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. म्हणून शंभराची गोळी सकाळ-संध्याकाळ.

घरात औषध देणारे चौघं आहेत. आई, आजी, दादा आणि मी. सकाळी मी सातला निघते, दादाची पाळी बदलत राहते. महिनाभर चार हातांतून औषध जाणार. म्हणून हे काम प्रकल्पासारखं मांडायचं ठरवलं आहे. गोळी घशाखाली कशी उतरवायची याच्या युक्त्या सगळेच सांगतात. माझी काळजी वेगळी आहे: एकाने दिली हे दुसऱ्याला कळलं नाही, किंवा भलत्याच गोष्टीसोबत दिली गेली, तर घरात कुणाला पत्ताही लागणार नाही.

१५ जुलै

शंभर पानी वही घेतली, सुतळीने फ्रिजच्या हँडलला बांधली, पेनही सोबत बांधलं. रकाने असे: वेळ, औषध, किती, कशात घालून, कोणी दिलं, गिळताना पाहिलं का, आणि शेवटी शी-शू-उलटी. नियम मोजकेच ठेवले. आधी औषध, मग नोंद. "आता देतेच आहे" म्हणून आधी लिहून ठेवायचं नाही. रकाना रिकामा दिसला तर सरळ गोळी द्यायची नाही, आधी बाकीच्यांना फोन करायचा. वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम द्यायच्या नाहीत, मॅडमना विचारायचं.

वहीच्या पहिल्या पानावर मॅडमच्या चिठ्ठीची नक्कल सुवाच्य अक्षरात केली. औषधाचं नाव, ताकद, वजन, सुरू केल्याची तारीख, संपायची तारीख, दवाखान्याचा आणि रात्रीच्या दवाखान्याचा नंबर. आजीला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून जाड स्केचपेनने.

१६ जुलै

रात्री ताप पुन्हा वर गेला. आजी म्हणाली, "अगं, तापाची अर्धी गोळी दे, लहान मुलांना देतोच की." तिचा जीव तुटत होता आणि तिचं म्हणणं अगदी स्वाभाविक होतं. पण पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा होते. मांजराला तर अगदी थोडंसंही जिवावर बेततं. आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होतात, किडनी बसते. आणि खंड्याच्या प्लेटलेट आधीच इतक्या खाली की पोटात रक्तस्राव सुरू झाला तर तो थांबवणार कसा? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, डॉक्सी सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत ताप उतरू लागतो, तोवर पंखा, गार फरशी, पाणी. १०५ च्या पुढे गेला किंवा नाकातून रक्त आलं तर रात्री कधीही या. आजीने तिच्या गोळ्यांचा डबा स्वतःहून कपाटाच्या वरच्या फळीवर हलवला. त्यात साखरेची गोळी आहे, ती चुकून खाली पडून कुत्र्याने गिळली तर त्याची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

अजून एक गोष्ट आज लक्षात आली. खंड्या रोज संध्याकाळी आजीचा गुडघा चाटतो आणि आजी गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावते. तेही वेदनाशामकच, चाटून पोटात गेलं तरी त्रास द्यायला पुरेसं आहे. आता जेल रात्री झोपताना, त्यावर सुती कापड, आणि खोलीचं दार बंद.

१८ जुलै

ताप १०२.४. नॉर्मल म्हणावं असं (कुत्र्याचं साधारण १०१ ते १०२.५). सकाळी शेपटी हलवत दारात उभा होता. आईने वहीत "शेपटी" असा शब्द लिहून ठेवला आहे. त्यासाठी रकाना नव्हता, तिने समासात लिहिला.

गोळी द्यायची पद्धत आज मॅडमकडून हाताने शिकून आले, तशीच लिहून ठेवते. खंड्याला कोपऱ्यात बसवायचं, म्हणजे मागे सरकता येत नाही. आपण समोर उभं राहायचं नाही, बाजूला बसायचं. डावा हात वरून मुस्कटावर, अंगठा आणि बोटं सुळ्यांच्या मागे, जिथे दातांत फट असते तिथे. नाक थोडंसं वर. उजव्या हाताच्या दोन बोटांत गोळी, मधल्या बोटाने खालचा जबडा खाली दाबायचा. तोंड उघडलं की गोळी जिभेच्या अगदी मागच्या बाजूला, मध्यभागी ठेवायची. बाजूला पडली तर तो ती गालात धरून ठेवतो. लगेच तोंड मिटवून धरायचं, मान सरळ, गळ्यावरून खाली हात फिरवायचा. जीभ बाहेर येऊन नाकाला लागली की समजायचं गिळली.

यानंतरची पायरी आमच्याकडे बहुतेकांना माहीत नसते: गोळीनंतर बिनसुईच्या सिरिंजने पाच मिली पाणी, गालाच्या फटीतून हळूहळू. डॉक्सीची गोळी अन्ननलिकेत कोरडी अडकून राहिली तर आतून भाजल्यासारखी जखम करते. हा त्रास मांजरांत जास्त दिसतो, पण कुत्र्यालाही ती कोरडी देऊ नये. पाणी न दिल्यास निदान लगेच दोन-चार घास जेवण.

गुरगुरणाऱ्या कुत्र्यावर हे करू नये, असंही मॅडमनी बजावलं. खंड्या सोसतो म्हणून ठीक. जो चावेल त्याला खाण्यातूनच द्यायचं, नाहीतर पातळ स्वरूपातलं औषध मागून घ्यायचं.

२० जुलै

दिवाणाखाली अर्धवट विरघळलेली पिवळी गोळी आईला झाडताना सापडली. खंड्या शहाणा आहे: उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा तुकडा गिळतो आणि गोळी वेगळी काढून गालात ठेवतो. कुठली वेळ बुडाली ते वहीवरून काढलं. काल रात्रीच्या ओळीत "गिळताना पाहिलं का" या रकान्यात दादाने प्रामाणिकपणे "बहुतेक" लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, एक वेळ बुडाली तर पुढे चालू ठेवा, जादा देऊ नका. "बहुतेक" हा शब्द वहीतून बाद. हो किंवा नाही.

उपाय म्हणून आता तीन घास सलग द्यायचे. पहिला रिकामा, म्हणजे त्याला संशय येत नाही. दुसऱ्यात गोळी. दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या घाईत तो दुसरा चावत बसत नाही. घास छोटे हवेत, बोराएवढे. मोठा घास दिला की तो चावतो आणि कडू लागलं की खेळ संपला. शिवाय गोळी भरलेल्या हाताने रिकामा घास द्यायचा नाही, गोळीचा वास रिकाम्यालाही लागतो.

२२ जुलै

सकाळी उलटी, गोळी दिल्यावर थोड्याच वेळात. उलटीत गोळी अख्खी दिसत होती. आजीने सगळं पुसून टाकायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला, हे फार चांगलं केलं. मॅडमनी फोटो पाहून सांगितलं: तासभर पोटाला विश्रांती, मग थोडं जेवण, मग पुन्हा गोळी. गोळी दिसली नसती तर उत्तर वेगळं असतं, म्हणून प्रत्येक वेळी विचारूनच. कारणही सापडलं. आई घाईत होती, नुसतीच गोळी दिली, न्याहारी मागून. उपाशीपोटी डॉक्सी पोटाला लागते. आता क्रम भिंतीवर चिकटवला आहे: साडेसहाला पॅन्टोप्रॅझोल (अख्खी, फोडायचीही नाही, कुटायचीही नाही, तिच्या वरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं), सात वाजता अर्धी न्याहारी, मग डॉक्सी, मग उरलेली न्याहारी.

२४ जुलै, दीप अमावस्या

उद्यापासून श्रावण. आमच्या स्वयंपाकघरात महिनाभर अंडंसुद्धा येत नाही. म्हणजे काळीज, उकडलेलं अंडं, दोन्ही बंद, आणि औषधाचे अजून अठरा दिवस बाकी. आई म्हणाली पनीरमध्ये देऊ, शेजारच्या काकू म्हणाल्या पेढ्यात, त्या त्यांच्या लॅब्रॅडोरला थायरॉइडची गोळी तशीच देतात. थायरॉइडच्या गोळीचं त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला हवं. पण डॉक्सीसोबत दूध, दही, पनीर, खवा काहीच नको. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही. कुत्रा गोळी आनंदाने खातो, वहीत "हो" लिहिलं जातं आणि औषध मात्र पूर्ण पोहोचत नाही. हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण वरवर पाहता सगळं सुरळीत दिसतं. कॅल्शियमचं टॉनिक, लोह, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड, सगळ्यांचं तसंच.

दह्याभातावर वाढलेल्या कुत्र्यासाठी हे कठीण आहे. गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास दुधाचं काही नाही, असं ठरलं, दहीभात दुपारी.

२६ जुलै

श्रावणातले पर्याय शोधून झाले. लाल भोपळा उकडून: वास सौम्य, गोळी चिकटत नाही, खंड्याने ती थुंकली. रताळं उकडून, गार करून, मळून: उत्तम. गोळीभोवती घट्ट बसतं, चिकट असल्याने गालात वेगळं करता येत नाही. पोळीचा तुकडा तुपाचं बोट लावून: चालतं, पण पोळी तो चावतो. केळं आणि दाण्याचं कूट मळून छोटी गोळी: सगळ्यात लाडकं. कूट बिनमिठाचं, घरी भाजून केलेलं. दाण्याची चटणी नाही, तिच्यात लसूण असतो आणि लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. याच्या पेशी आधीच कमी आहेत. बाजारातलं पीनट बटर वापरायचं तर डब्यावर झायलिटॉल लिहिलं आहे का ते पाहायचं. तो गोडवा कुत्र्याची साखर झपाट्याने खाली आणतो. बिनसाखरेच्या खोकल्याच्या सिरपातही तो असू शकतो.

आईचा निष्कर्ष: सकाळी रताळं, संध्याकाळी केळं-कूट. वहीत "कशात घालून" हा रकाना आधी मला जादाचा वाटत होता, पण आता सगळ्यात जास्त तोच वाचला जातो.

२८ जुलै

रक्त तपासलं. प्लेटलेट १ लाख ४० हजार. हिमोग्लोबिन अजून कमी, म्हणून आता लोहाचं सिरप. पॅन्टोप्रॅझोल बंद. लोहाची वेळ दुपारी दोन, डॉक्सीच्या दोन्ही वेळांपासून जितकं लांब तितकं बरं.

सिरप द्यायची रीत गोळीपेक्षा वेगळी. डोकं वर करून नरड्यात ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात न्यूमोनिया होतो. मान जमिनीशी समांतर, ओठाचा कोपरा बोटाने बाहेर ओढला की दात आणि गाल यांच्यामध्ये खिसा तयार होतो, त्यात सिरिंजचं टोक. एका वेळी एक मिली, गिळू द्यायचं, मग पुढचं. खोकला आला की थांबायचं. मोजायला स्वयंपाकघरातला चमचा नाही, सिरिंजच. आमच्या घरात चहाचे चमचेच तीन मापांचे आहेत.

मॅडमनी आवर्जून एक सांगितलं: लोहाने शी काळपट होते. पण प्लेटलेट कमी असताना पोटात रक्त गेलं तरीही शी काळी होते. फरक: लोहाची शी काळपट-हिरवट, पण बांधलेली. रक्ताची डांबरासारखी चिकट, चकाकणारी, दुर्गंधी वेगळी. लोह कधी सुरू झालं ही तारीख वहीत लाल पेनने लिहिली. आजच्या दुपारआधी काळी शी झाली असती तर धावत जायचं होतं; उद्यापासून आधी पाहायचं, मग ठरवायचं. शंका आली तर फोटो आणि फोन.

२ ऑगस्ट

वजन पुन्हा. घरचा काटा, मी खंड्याला उचलून उभी, मग मी एकटी, वजाबाकी. १९.१. औषधाचा हिशोब वजनावर असतो, त्यामुळे आजारात वजन घटलं किंवा वाढलं तर मॅडमना कळवायचं, आपण मात्रा बदलायची नाही.

पार्किंगच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, अंथरूण उकळत्या पाण्यात धुतलं. गोचीडनाशक गोळी मॅडमनी वजनाप्रमाणे दिली. पहिल्या मजल्यावरच्या मांजराच्या घरी सांगून आले: कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिनचं मानेवर टाकायचं औषध मांजराला विष आहे, "थोडंसंच लावू" असं करायचं नाही.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आजची नोंद मोठ्या अक्षरात. नारळीभात. आजी बेदाणे सढळ हाताने घालते, आत्याची मुलं राखीला आलेली आणि खंड्या टेबलाखाली. द्राक्ष आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कुठल्या कुत्र्याला कितीने होईल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून "एकाने काय होतं" हे लागू नाही. धाकट्या आतेभावाला मी वहीचं मागचं पान दाखवलं, तिथे "खंड्याला नको" अशी यादी आहे: बेदाणे, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण, आपल्या गोळ्या. त्याने प्रत्येकाचं चित्र काढून त्यावर फुली मारली. आता वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

११ ऑगस्ट

२८ दिवस पूर्ण. प्लेटलेट २ लाख ६० हजार, हिरड्या गुलाबी. दादाचं म्हणणं, पट्टीवरची चाचणी पुन्हा करून खात्री करू. मॅडम म्हणाल्या, त्या पट्टीवर शरीराने बनवलेली प्रतिपिंडं दिसतात, ती बरं झाल्यावरही कित्येक महिने राहतात. पॉझिटिव्ह आली म्हणून पुन्हा औषध सुरू करायचं नसतं. काही आठवड्यांनी परत रक्ताची साधी तपासणी.

तो दहाव्या दिवशीच धावायला लागला होता, तेव्हा "आता कशाला" असं घरात दोघांच्या मनात आलं होतं. संपायची तारीख पहिल्या पानावर होती म्हणून तो प्रश्न चर्चेला आला नाही.

१८ ऑगस्ट

कान. आठवडाभर पाऊस, उजव्या कानाला आंबूस वास, तपकिरी मळ. ड्रॉवरमध्ये मागच्या वर्षीचे थेंब होते. ते टाकून दिले. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनी ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी आत पाहिल्याशिवाय काहीही नाही. मॅडमनी पडदा शाबूत असल्याचं पाहून नवे थेंब दिले, यीस्टचा (बुरशीचा) संसर्ग आहे.

थेंब घालताना बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, गार थेंबाने तो दचकतो आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली दिसली की पळतो. कानाची पाळी सरळ वर, टोक कानाला टेकवायचं नाही. मग कानाच्या मुळाशी बोटांनी चोळायचं, पचक-पचक आवाज आला की औषध खाली पोहोचलं. मग सोडून द्यायचं, डोकं झटकू द्यायचं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिली.

२४ ऑगस्ट

म्हात्रे पुलाच्या बाजूने नदीपात्रातला ढोलाचा सराव संध्याकाळी घरात ऐकू येतो. खंड्या न्हाणीघरात जाऊन थरथरतो. विसर्जन ६ सप्टेंबरला. भीती कमी करणारी गोळी मॅडमनी लिहून दिली आहे आणि ती आधी शांत दिवशी एकदा देऊन पाहा असं सांगितलं आहे, कारण काही कुत्रे अशा गोळीने शांत होण्याऐवजी अस्वस्थ होतात आणि ते मिरवणुकीच्या दिवशी कळून उपयोग नाही. नुसती गुंगी आणणारी गोळी त्यांनी मुद्दाम टाळली. कुत्रा पडून राहतो, पण आतून घाबरलेलाच असतो.

आज सकाळी दिली, अकरा वाजता, केळं-कूटमध्ये. साडेबाराला सावकाश पंख्याखाली पसरला, हाक मारली की मान वर करत होता, चाल सरळ, पाणी प्यायला. चारला नेहमीसारखा. सगळं वेळेसकट लिहून मॅडमना पाठवलं; मात्रा तीच ठेवायची, ढोल सुरू व्हायच्या दीड तास आधी.

शेजारच्या काकूंना वहीच्या रकान्यांची झेरॉक्स दिली. त्यांच्या थायरॉइडच्या गोळीसाठी "जेवणाआधी की नंतर" असा रकाना त्यांनी स्वतः वाढवला, तो मी आपल्या वहीतही घेणार आहे.

राहिलेली कामं: गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी दाराला पाटी, "खंड्याला प्रसाद देऊ नये, औषध चालू आहे." खिरापतीतले बेदाणे आजी यंदा घालणार नाही. कानाच्या थेंबांची शेवटची तारीख १ सप्टेंबर, ती अजून पहिल्या पानावर चढवायची आहे.